वहीतली तारीख

मैत्रिणींनो, हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर होते ती लोखंडी कॉट तुमच्या घरी कधी आणावी लागली आहे का? नसेल तर देव करो आणि ती वेळ न येवो. पण आलीच, तर तुम्ही शेजारणीला विचाराल, ती तिच्या नणंदेला विचारील, आणि फिरत फिरत तुम्ही आमच्यासारख्या एखाद्या केंद्राच्या दाराशी याल. तिथे टेबलामागे जाडजूड वही घेऊन एक बाई बसलेली असेल. 'पेशंटचं नाव? वय? तुमचं नातं काय?' असं ती विचारील. आमच्या चिपळुणातल्या केंद्रात ती बाई म्हणजे मी. आज त्या वहीबद्दलच लिहायला बसले आहे. वर्षभर लिहीन लिहीन म्हणत होते, हात धजत नव्हता.

मी सदतीस वर्षांची, बी. ए. झालेली. एका माध्यमिक शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. म्हणजे जितके तास तितके पैसे, आणि मे महिन्यात काहीच नाही. 'हे' लोट्याच्या कारखान्यात शिफ्टमध्ये कामाला, मुलगी पाचवीत, घरी सासूबाई. मामंजी २०२२ साली गेले. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मंडळाकडून कमोड खुर्ची आणली होती. ती परत द्यायला गेले, तर तिथे गर्दी, आणि पावती लिहायला कुणी नाही. म्हटलं, द्या इकडे, मी लिहिते. तेव्हापासून लिहितेच आहे.

मंडळ अगदी लहान आहे. आम्ही अकराजणी आणि पोस्टातून निवृत्त झालेले एक काका. आजारी माणसाला लागणाऱ्या वस्तू घरी वापरायला द्यायच्या आणि गरज संपली की परत घ्यायच्या, एवढंच काम. सोमवार, बुधवार, शनिवार, दुपारी चार ते सहा. कॉटला ३,००० रुपये अनामत आणि महिन्याला १५० रुपये. वॉकरला ५०० आणि महिन्याला ३०. वस्तू परत आली की अनामत परत. बाजारात कॉट भाड्याने घ्यायला जा, म्हणजे हा फरक कळेल.

२२ जुलै २०२१ चा वाशिष्ठीचा पूर तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. आम्ही तो माळ्यावर बसून पाहिला. मंडळाचं सामान तेव्हा बाजारपेठेजवळ तळमजल्यावरच्या खोलीत असे. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर कॉटच्या हँडलांपर्यंत चिखल. गाद्या फेकल्या, एअर बेडच्या मोटरी गेल्या, कॉटचे स्क्रू गंजून बसले. वही दोरीवर वाळत घातली, पण शाई पसरून सगळा निळा डाग. कुणाची अनामत किती, काही वाचता येईना. मग लोक हळूहळू येऊ लागले. जो जी रक्कम सांगेल ती मंडळाने द्यायची ठरवली. आमच्या जुन्या सचिव सांगतात की शेवटी हिशेब जुळवला तेव्हा एकही माणूस जास्त बोललेला नव्हता. मला हे ऐकताना नेहमी वाटायचं, या थोडं गोड करून सांगताहेत.

आता आमचं सामान चढावरच्या एका डॉक्टरांच्या गॅरेजमध्ये असतं. कॉट चार, एअर बेड पाच, चाकाच्या खुर्च्या नऊ, वॉकर चौदा, कमोड खुर्च्या सहा, आणि करोनाच्या वेळी देणगीत आलेली ऑक्सिजनची दोन यंत्रं. जुन्या सचिव मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या त्या तिकडेच राहिल्या, आणि एप्रिल २०२४ मध्ये अध्यक्षबाई मला म्हणाल्या, "वर्षभरापुरतं बघ गं."

सचिव होणं म्हणजे काय, ते पहिल्या आठवड्यात कळलं. संस्था १८६० च्या कायद्याखाली आणि १९५० च्या कायद्याखालीही नोंदलेली. पदाधिकारी बदलला की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. त्यासाठी रत्नागिरीला दोन खेपा झाल्या. ऑडिट, वीजबिल, टेम्पोचं भाडं, किर्द. हे सगळं कंटाळवाणं आहे, त्यात तुम्हाला अडकवत नाही. आमच्या खजिनदारबाई बँकेतून निवृत्त झालेल्या, त्यांना रात्री अडीच रुपये कमी पडले तरी झोप येत नाही, म्हणून मंडळ चालतं.

टेबलापाशी बसणं मात्र वेगळं. पहिल्याच महिन्यात एक मुलगा कॉट परत घेऊन आला. मी हसून विचारलं, "बरे झाले का बाबा?" त्याने डोक्यावरची टोपी काढली. केस काढलेले होते. तेव्हापासून नियमच केला. कॉट परत आली की आधी बसायला सांगायचं, पाणी द्यायचं, काही विचारायचं नाही. सांगायचं असेल तर माणूस आपण होऊन सांगतो. कॉट बहुतेक तेराव्यानंतर येते. वॉकर परत आला की मात्र पेढे येतात. आणि काही वस्तू येतच नाहीत! एका घरी चाकाची खुर्ची आणायला गेलो, तर तिच्यावर पडवीत शेवंतीच्या कुंड्या मांडलेल्या. "पाणी घालायला ओढून नेता येतात ना," त्या घरच्या काकू म्हणाल्या.

देणगीदारांचंही एक सांगते. एका सज्जनांनी वडिलांच्या स्मरणार्थ कॉट दिली आणि डोक्याकडच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत 'कै.' घालून नाव रंगवून आणलं. आता आजारी माणसाला उठता बसता समोर 'कै.' दिसायला नको, म्हणून आम्ही त्यांची परवानगी काढून ते नाव पायाकडच्या पट्टीच्या आतल्या अंगाला नेलं. म्हणून ही कॉट आमच्यात 'कै.ची कॉट' म्हणून ओळखली जाते. पुढे जे सांगणार आहे ते याच कॉटचं.

आमच्या वहीत 'रुग्णाशी नातं' असा एक रकाना आहे. तो वरून खाली वाचत गेलं की सून, बायको, सून, मुलगी, सून, आई. अनामतीची पावती पुरुषाच्या नावाने होते, पण कॉटचं हँडल कसं फिरवायचं ते शिकायला पुढे होते ती बाई. म्हणून वस्तू देताना दहा मिनिटं तिला बसवून घेऊन सांगायचं, असा आमचा परिपाठ आहे. तुमच्याही उपयोगाचं आहे म्हणून लिहिते. वॉकरची उंची अशी ठेवायची की माणूस सरळ उभा राहून हात खाली सोडील तेव्हा मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरायची नाही, दुसऱ्या हातात धरायची. हे दहातल्या आठ घरांत उलटंच चाललेलं असतं. चाकाच्या खुर्चीतून उठवताना आधी ब्रेक लावायचा, मग पाय ठेवायच्या फळ्या वर करायच्या. त्या फळीवर पाय देऊन उभं राहिलं की खुर्ची पुढे उलटलीच. एअर बेडवर प्रेमाने जाड गोधडी घालू नका, एक पातळ चादर पुरे. नाहीतर त्या हवेचा उपयोगच होत नाही. मोटर चोवीस तास चालू हवी.

आणि झोपून असलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, रात्रीसुद्धा. माकडहाड, टाचा, खुबे, कोपरं रोज उजेडात बघायची. तांबूस जागा दिसली तर बोटाने दाबून सोडायची. लाली हटली नाही तर ती सुरुवात समजायची. तिथे चोळायचं नाही, तेलही नाही. डॉक्टरांना दाखवायचं. हे मी किती बायकांना सांगितलं असेल याची गणती नाही. अगदी शाळेतल्या कवितेसारखं पाठ झालं आहे.

आमच्याकडे गणपतीत सगळ्यात घाई. २०२४ साली ७ सप्टेंबरला गणपती बसले. मुंबईची मुलं घरी आली, आणि एरवी फोनवर 'बरी आहे रे' म्हणणारी आई प्रत्यक्षात भिंत धरून चालते हे त्यांच्या लक्षात आलं. मग विसर्जनाच्या आत सगळं करायचं! वॉकर संपले, कमोड खुर्च्या संपल्या, कॉट चारही बाहेर. तेव्हा मी वहीच्या मागच्या पानांवर नंबर लावायची यादी सुरू केली. तारीख, नाव, गाव, फोन, काय हवंय. वस्तू आली की यादीत पहिला असेल त्याला फोन करायचा. मोठ्या अभिमानाने मी ती यादी अध्यक्षबाईंना दाखवली होती. माझीच कल्पना होती ना.

६ नोव्हेंबरला, भाऊबीज होऊन तीन दिवस झाले होते, नदीपलीकडच्या एका गावाहून एक बाई आली. माझ्याच वयाची. नवऱ्याला अर्धांगवायू, उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. इस्पितळातून घरी आणलेलं, खाली जमिनीवर गादी घालून ठेवलेलं. "भरवताना ठसका लागतो वयनी. कॉट असती तर डोकं वर केलं असतं." एअर बेड विचारला तर तीन बाहेर आणि दोघांच्या मोटरी कराडला दुरुस्तीला. मी तिचं नाव यादीत घातलं. तिच्या आधी ४ तारखेचं एक घर होतं, त्यांना त्या आठवड्यात मिळून गेली. आता पहिला नंबर तिचा.

११ तारखेला, तुळशीच्या लग्नाच्या दोन दिवस आधी, सासूबाई वृंदावनाला गेरू लावताना घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं, मंगळवारी घरी न्या.

शनिवारी, १६ तारखेला, केंद्रात मी एकटीच होते. निवडणुकीचे दिवस, बुधवारी मतदान, दोघीजणी त्या कामात. साडेपाचला टेम्पो आला आणि त्यातून कै.ची कॉट उतरली. मी पाणी दिलं, अनामत मोजून दिली, माणसं गेली. मग मी आणि ती कॉट, दोघीच गॅरेजमध्ये.

फोन उचलून नदीपलीकडच्या बाईला 'कॉट आली, उद्या न्या' एवढं सांगायचं होतं. ते मी केलं नाही. मी वही उघडली. ४ नोव्हेंबर आणि ६ नोव्हेंबर यांच्यामध्ये एक ओळ मोकळी राहिली होती. त्या ओळीत मी सासूबाईंचं नाव लिहिलं, आणि तारीख घातली ५ नोव्हेंबर. ५ नोव्हेंबरला सासूबाई चांगल्या धडधाकट, दिवाळीचे रिकामे डबे उन्हात घालत होत्या.

का केलं, म्हणून मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. इस्पितळात सासूबाईंना ओरडताना ऐकलं होतं, त्याची भीती होती. 'ह्यां'ची रात्रपाळी, त्यामुळे रात्री मी एकटी, ही धास्ती होती. आणि अगदी आत, लाज वाटते पण लिहिते, असंही होतं की दोन वर्षं फुकट राबते आहे मी, माझ्या घरच्या माणसाला एक कॉट मिळू नये? 'हे' संध्याकाळी म्हणाले, "तू सेक्रेटरी ना? मग झालं तर." मी त्यांना यादीचं काही सांगितलं नाही.

रविवारी दुपारी टेम्पो करून कॉट घरी आणली. त्याच दिवशी मोबाईलवर त्या बाईचा फोन दोनदा वाजला. मी उचलला नाही. सोमवारी ती एसटीने आली. "कॉट आली काय वो वयनी?"

"अजून नाही हो," मी म्हटलं. वहीतून मान वर न करता.

सासूबाई घरी आल्या. कॉटवर त्यांना झोपवलं, हँडल फिरवून बसवलं, जेवण तिथेच, सगळं तिथेच. शेजारणी येऊन म्हणाल्या, किती छान सोय केलीस गं. शनिवारी, २३ तारखेला, निकालाचे फटाके वाजत होते तेव्हा फिजिओथेरपीच्या बाई तपासायला आल्या. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, कॉटकडे पाहिलं, आणि मला विचारलं, "ही कशाला आणलीत? यांना इस्पितळात दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं होतं ना? साधा उंच पलंग हवा, कडेला पाय सोडून बसता येईल असा. यात झोपवून ठेवलंत तर या झोपूनच राहतील."

आणि सासूबाई म्हणाल्या, "मी म्हणतच होते, मला माझा पलंग बरा."

मैत्रिणींनो, तुम्हाला वाटेल की मी त्याच दिवशी कॉट तिकडे पाठवली असेल. नाही पाठवली. लगेच पाठवली तर विचारतील, कुठून आली, इतके दिवस कुठे होती. शिवाय सवय झाली होती. हँडल फिरवणं सोपं आणि माणसाला धरून उठवणं कठीण. आज पाठवते, उद्या पाठवते, असं करत ४ डिसेंबर उजाडला. १६ नोव्हेंबरपासून मोजले तर अठरा दिवस.

त्या दिवशी टेम्पोबरोबर मी स्वतः गेले. कॉट लावून द्यायला म्हणून. घर स्वच्छ सारवलेलं, पडवीत भात पसरलेला. आत तो गृहस्थ जमिनीवर. तिने आणि तिच्या मुलाने जुनं नऊवारी लुगडं चौपदरी करून त्याच्या अंगाखाली घातलं होतं, आणि दोन बाजूंनी ते ओढून त्याची कूस बदलत होते. कुणी शिकवलं, म्हटलं. "कोन शिकवनार, सुचलं तसं." दिवसा ती बदलत होती दर दोन तासांनी, मी ६ तारखेला सांगितल्याप्रमाणे. रात्री मुलगा शाळेच्या अभ्यासाने थकून झोपला की तिला एकटीला, खाली वाकून, ते वजन हलत नसे. माकडहाडावर जखम झाली होती. रुपयाएवढी, आणि चांगली खोल. गावातली नर्सबाई एक दिवसाआड येऊन पट्टी बदलत होती.

आम्ही त्याला कॉटवर घेतलं. हँडल फिरवून बसवलं. तिने पेजेचा चमचा तोंडाशी नेला, त्याने गिळला. ठसका लागला नाही. तिने माझ्याकडे वळून बघितलं आणि म्हणाली, "देवासारख्या आलात वयनी." मग कोकमाचं सरबत केलं. ते मी प्याले. कसं प्याले ते विचारू नका.

पुढच्या बुधवारी तिचा मुलगा केंद्रात आला. खिशातून त्याने चष्म्याची डबी काढली. सासूबाईंची. गादीच्या आणि कडेच्या पट्टीच्या मधे अडकून राहिली असणार. डबीवर आमच्या कन्येने कागद चिकटवून लिहिलेलं: 'आजीचा चष्मा. कुणी हात लावू नये.' खाली माझा मोबाईल नंबर. तोच नंबर मंडळाच्या पावतीवर असतो. मुलगा म्हणाला, "आईने सांगितलं, आजींचं चष्म्यावाचून अडत असेल, आजच देऊन ये."

घरी डबी दिली तेव्हा सासूबाईंनी विचारलं, कुठे होती. त्या रात्री मी त्यांना सगळं सांगितलं. 'ह्यां'ना सांगायच्या आधी त्यांना. त्यांनी चष्मा घातला, परत काढला, पुसला. "आणि त्या बाईला काय सांगितलंस?" एवढंच विचारलं. त्या बाईला मी काहीच सांगितलं नव्हतं.

तरीही जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. शिमगा झाला. मार्चअखेरचे हिशेब आले, खजिनदारबाई चार दिवस वह्या घरी घेऊन गेल्या, घेऊन आल्या. एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी वार्षिक सभा. अहवाल मलाच वाचायचा होता. वर्षभरात किती घरांना काय दिलं, किती अनामत परत केली, पुढच्या वर्षी दोन कॉट घेण्याचा संकल्प, सगळं वाचलं. टाळ्या झाल्या. मग मी म्हटलं, अहवालात एक राहिलं आहे, आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. मध्ये आवाज गेला, पाणी प्यावं लागलं.

सगळ्या गप्प. खजिनदारबाईंनी चष्म्याच्या वरून बघितलं. "पाच नोव्हेंबरला मंगळवार होता," त्या म्हणाल्या. "मंगळवारी केंद्र बंद असतं. मी मार्चमध्येच पाहिलं होतं. म्हटलं, बघू सांगतेस का."

मग खरा वाद झाला, आणि तो माझ्याबद्दल कमीच होता. एकजण म्हणाली, एवढं राबतो, तर आपल्या घरी वेळ आली तेव्हा आपल्याला आधी मिळाली तर बिघडलं कुठे? तिची आई अंथरुणाला खिळलेली आहे, तिला तसं वाटणं साहजिक होतं. दुसरी म्हणाली, असं असेल तर पाटीवर तसं लिहा. पोस्टातले काका म्हणाले, तारखेप्रमाणे देतो हेच मुळात चूक. ज्याला स्वतः कूस बदलता येत नाही त्याला आधी, ज्याला उभं राहता येतं त्याला नंतर. यावर तासभर गेला, कारण गरज ठरवायची कुणी? शेवटी ठरलं ते असं: स्वतः कूस बदलता येत नाही अशा माणसाला कॉट आणि एअर बेड आधी, बाकी तारखेप्रमाणे, आणि मंडळाच्या घरांना वेगळा काही नियम नाही, आधीही नाही आणि मुद्दाम मागेही नाही. वस्तू देताना दोघींच्या सह्या. दुसरी किल्ली खजिनदारबाईंकडे. आणि तारखेशेजारी आता वारही लिहितो!

मी राजीनामा लिहून नेला होता. अध्यक्षबाईंनी तो वाचला, घडी केली आणि पर्समध्ये टाकला. "आधी ती ओळ लाल शाईने दुरुस्त कर. खाडाखोड नको. खाली खरी तारीख, खरं कारण, सही. राजीनाम्याचं मग बघू." ती ओळ वहीत आहे. नंबर लावायला येणाऱ्या कुणालाही दिसेल अशी. राजीनामा अजून त्यांच्याकडेच आहे, त्या काही बोलत नाहीत.

त्याच आठवड्यात मी नदीपलीकडे गेले. या खेपेस टेम्पो नव्हता, कॉट नव्हती, रिकाम्या हाताने एसटीने गेले. जखम मार्चमध्ये भरली होती. तो गृहस्थ आमच्याच चाकाच्या खुर्चीत पडवीत बसला होता. दोन शब्द बोलतो आता, बायकोचं नाव आणि 'पाणी'. तिने चहा टाकला. मी बोलायला सुरुवात केली तर म्हणाली, "डबी बघितली तवाच कळलं."

मी म्हटलं, मग बोलला का नाहीत?

"काय बोलनार. तुमच्याकडूनच सगळं न्यायचं आमाला." चहा गाळता गाळता ती थांबली. "पन फोन का नाय उचललात वयनी? मी दोनदा लावला. घरचं माणूस पडलंय, असं बोलला असतात, तर मी काय नको बोलले असते? मला वाटलं, आपलं नावच काढून टाकलं यादीतून. दोन रात्री झोपले नाय."

मी कॉटबद्दल माफी मागायला गेले होते. फोनचं मी विसरूनसुद्धा गेले होते.

निघताना तिने विचारलं, कमोड खुर्ची मिळेल काय, आता बसतात ते. वही मी बरोबर नेली नव्हती, शनिवारी या म्हटलं. ती शनिवारी आली, खजिनदारबाई शेजारीच होत्या. मी मागचं पान उघडून तिचं नाव लिहिलं, तारीख घातली, वार घातला. वर तीन नावं होती.

"चौथा नंबर आहे," मी म्हटलं. "तीन आठवडे तरी लागतील. आली की मी फोन करीन. मधे तुम्हाला करावासा वाटला तर करा, मी उचलेन."

"बरं," ती म्हणाली, आणि पावणेसहाची एसटी गाठायला निघाली.